पूर्णगडला न गेलेली मोटरसायकल

सुरेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी मासळी बाजारात बांगडे बघत उभा होतो. पलीकडून त्याचा पुतण्या बोलत होता. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं... मी नुसता "हो, हो" म्हणत राहिलो, आणि तोंडाशी पहिला प्रश्न आला तो "आणि गाडी?" असा. तो मी गिळला. पण सुरेशला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, त्यालाही तोच सुचला असेल.

आम्ही दोघे मांडवीचे, शाळेत एका बाकावरचे. मी इथेच मास्तर झालो आणि तो बोटीवर गेला, इंजिनरूममध्ये. पहिल्या सफरीवरून आला तेव्हा त्याने एक जुनी, दोन सायलेन्सरवाली मोटरसायकल घेतली आणि तिच्या आवाजाने आळीतल्या म्हाताऱ्यांच्या दुपारच्या झोपा उडवल्या. त्याच सुट्टीत त्याचं लग्न झालं. शालिनीवहिनी पूर्णगडच्या. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या त्या ह्याच गाडीवरून, भाट्याचा पूल ओलांडून, पावसवरून. वाटेत गाडी बंद पडली, सुरेशचा नवा शर्ट ऑइलने काळा झाला आणि जावईबापू त्याच अवतारात सासऱ्याच्या दारात उभे राहिले. ही गोष्ट वहिनी इतक्यांदा सांगायच्या की आम्हालाच ती पाठ झाली होती.

मग सुरेश समुद्रावर आणि गाडी पडवीत, असं आयुष्य सुरू झालं. मुलगी झाली तेव्हा तो समुद्रावर. सासरे गेले तेव्हाही समुद्रावर. घरी यायचा तो पाहुण्यासारखा, आणि आल्या आल्या गळका पत्रा, बिघडलेला पंप, तुटलेलं कुंपण असल्या कामांत सुट्टी संपायची. वहिनींनी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. एवढंच म्हणायच्या, "बोटीवरनं कायमचे उतरले ना, की आधी गाडीवरून पूर्णगड. बाकी सगळं मग."

तो उतरला तोवर खाऱ्या वाऱ्याने गाडी पार खाल्ली होती. सुरेशने घराशेजारी चिऱ्याच्या भिंती घातल्या, वर पत्रा टाकला, आणि त्या खोलीला आम्ही गॅरेज म्हणू लागलो. एखाद्या मेकॅनिकला बोलावलं असतं तर काम कधीच उरकलं असतं. पण इंजिनरूममध्ये जन्म घालवलेला माणूस दुसऱ्याचा पाना गाडीला लागू देतोय होय! गंज काढायला ह्या पठ्ठ्याने काय वापरावं? वहिनींच्या बरणीतलं आगळ. कोकमाने पितळेची भांडी लखलखतात, मग लोखंडाने काय घोडं मारलंय, असा त्याचा विचार. चेनकव्हर, ब्रेकच्या दांड्या, नटबोल्ट, सगळं आगळात बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा खरंच चकचकीत होतं. मला मुद्दाम बोलावून त्याने ते दाखवलं. काही दिवसांतच त्यावर पहिल्यापेक्षा लालभडक गंज चढला. वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगळात मीठ असतं हो! इतकी वर्षं सोलकढी काय अळणी प्यायलात?" सुरेश खाली बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. त्या वर्षी त्यांच्या घरी सोलकढी झाली नाही.

असं ते चाललं होतं. एक टोक होईतो दुसऱ्या टोकाला गंज. मी चिडवायचो, वहिनी चहा आणून द्यायच्या. दसऱ्याला शेजारी आपापल्या गाड्यांना हार घालायचे, आणि सुरेश गोणपाटावर मांडलेल्या सुट्या भागांवर झेंडूची फुलं ठेवायचा. खरं सांगतो, तोवर मलाही त्याची गंमतच वाटत होती.

गेल्या दिवाळीनंतर एके सकाळी गाडी सुरू झाली. गॅरेज धुराने भरलं, आळी गोळा झाली. वहिनी आत पळाल्या आणि थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या साडी बदलून, डोक्याला रुमाल बांधून, भावासाठी नारळाच्या वड्यांचा डबा पिशवीत घेऊन. कुणी त्यांना चला म्हटलं नव्हतं. तसं म्हणायची गरजही नव्हती. सुरेश मात्र इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीला कान लावून बसला होता. मग त्याने गाडी बंद केली.

"बेअरिंग बोलतंय," तो म्हणाला.

"बोलू दे की मेल्या!" मी ओरडलो. "पूर्णगड काय आफ्रिकेत आहे? भर समुद्रात मिळेल ते जोडून बंदर गाठल्याच्या गोष्टी तूच सांगतोस ना?"

"म्हणूनच नाय," तो हात पुसत म्हणाला. "बोटीवर जन्म गेला ठिगळं लावण्यात. घरात पण तेच केलं मी. सुट्टीत आलो, ठोकलं, गेलो... हिला एकदा तरी नीट नेईन. वाटेत बंद नाय पडणार."

वहिनी म्हणाल्या, "राहू दे हो भाऊजी, परवा-तेरवा जाऊ, त्यात काय!" आणि आत गेल्या. त्या वड्या आम्ही चहाबरोबर खाल्ल्या. संध्याकाळपर्यंत सुरेशने इंजिन पुन्हा खाली उतरवलं होतं. बेअरिंग मुंबईहून यायचं होतं. ते येण्याआधी तो गेला.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण माझा मित्र तिथे चुकला. ज्या प्रवासात गाडी बंद पडली होती, तोच ती बाई जन्मभर हसत हसत सांगत होती. हे त्याने माझ्याइतकंच ऐकलं होतं. तरीही त्याला वाटत राहिलं की तिला देण्याजोगं अजून काही तयार झालेलं नाही. फार वाईट वाटतं... रागही येतो, आणि रागवायला तो समोर नाही.

परवा वहिनींकडे गेलो. घरात नव्हत्या, गॅरेजमध्ये होत्या. गाडी स्टँडवर उभी, पोटात इंजिनाची जागा रिकामी. मी म्हटलं, "वहिनी, माझ्या ओळखीचा एक जण आहे. गाडी जोडून देईल. मी नेतो तुम्हाला पूर्णगडला."

त्या हसल्या. "पूर्णगडला जायला काय गाड्या नाहीत, भाऊजी? दिवसभर एसटी जातात. मी काय गावाला जायचं म्हणून थांबले होते?"

त्या मांडीवर ताट घेऊन चवळीच्या शेंगा मोडत होत्या, गाडीच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. बसल्या होत्या मागच्या अर्ध्या भागावर. पुढची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.