रुकय्याखालाचा बेस

नव्वदच्या दशकात पनवेलची रुकय्याखाला लंडनमध्ये झगे शिवायची. भिंतीपलीकडे जमैकन घरांतली पोरं जुन्या रेकॉर्डांवरचे ड्रमचे तुकडे कापून, जोडून, भन्नाट वेगाने वाजवायची आणि त्याखाली जाड, घुमणारा बेस संथ सोडायची. वर्षभर तिने भिंतीवर कात्री आपटली, मग त्याच तालावर मशीन चालवू लागली.

आता ती पनवेलजवळ सुकापूरला राहते. परवा तिथे शेजाऱ्यांच्या हळदीत डीजे हृतिक तिला म्हणाला, "खाला, याला ड्रम अँड बेस म्हणतात. तुमाला नाय कळायचं."

"बेटा, ड्रम पळतोय ते ठीक. बेस कशाला पळतोय? तो अर्ध्या चालीने यायला हवा, जावयासारखा."

हृतिकने बेस संथ केला. नवरीचे मामा नाचता नाचता गोंधळले. त्यांचे पाय धावत होते आणि पोट सावकाश मागून येत होतं.

"आता बरोबर," खाला म्हणाली.