चावी हातातच द्यायची

बेकरीवाल्याच्या तळघरात मैद्याची अकरा पोती होती. ती सगळी एका सकाळी मी भिजवली. हात न लावता, शाळेत चित्रकलेचा तास घेत घेत.

कसं ते सांगतो. आमची गल्ली चढाची. वरच्या टोकाला बावीस घरांची सामाईक पाण्याची टाकी, खालच्या टोकाला बेकरी. टाकीत पाणी सोडायचा व्हॉल्व्ह एका खड्ड्यात आहे आणि तो फिरवायला हातभर लांबीची लोखंडी चावी लागते. ही चावी रोज एका घराकडे असते. ज्याची पाळी त्यानं सकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडायचा आणि टाकी भरली की बंद करायचा. मध्येच कुठे जायचं असेल तर चावी शेजारच्या घरी द्यायची. आता देणं म्हणजे हातात देणं. उंबऱ्यावर ठेवायची नाही, खिडकीतून सरकवायची नाही. हातात द्यायची आणि मोठ्यानं सांगायचं, "व्हॉल्व्ह उघडा आहे, टाकी अर्धी आहे." घेणाऱ्यानं तेच परत म्हणून दाखवायचं. बाहेरचा कुणी हे ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, गल्लीत नाटकाची तालीम चालू आहे.

त्या दिवशी पाळी माझी. शाळा सातची. घड्याळाचं आणि माझं लहानपणापासून वाकडं. शेजारच्या चष्मेवाल्याचं दार वाजवलं, उघडेना. म्हटलं, आंघोळ करत असेल बापडा. चावी त्याच्या कडीला अडकवली आणि धूम ठोकली. चष्मेवाला आंघोळ करतही असेल, पण ती सासुरवाडीला. आदल्या संध्याकाळीच तो बायकोमुलांसह तिकडे गेला होता. टाकी भरली, मग वाहिली, आणि दुपारी बारापर्यंत वाहतच राहिली. पाणी वाटेत कुणाकडे न डोकावता सरळ बेकरीच्या तळघरात उतरलं. शेवटी बेकरीवाला स्वतः धावत वर गेला आणि कडीला लटकलेली चावी घेऊन त्यानं रागाच्या भरात व्हॉल्व्ह असा काही आवळला, की जणू तो माझा गळाच होता.

मी शाळेतून आलो तेव्हा तो पायरीवर बसला होता. गुडघ्यापर्यंत मैदा. "मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही चित्रं काढा हो. माझं दिवाळं कशाला काढता?"

मी पँट वर दुमडली आणि तळघरात उतरलो. तिथे सिस्टर आधीच पोचल्या होत्या. पदर खोचून त्यांनी माणसांची रांग लावली होती. खालून लगद्याची बादली वर, वरून स्वच्छ पाण्याची बादली खाली. सगळी टाकी त्या धुण्यात रिकामी झाली.

सिस्टर म्हणजे सातव्या घरातल्या बाई. एकतीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. ऐकून ऐकून त्यांच्या यजमानांनाही तीच सवय लागली आहे. "सिस्टर, जरा चहा होईल का?" असं ते हाक मारून विचारतात, तेव्हा नव्या पाहुण्याच्या हातातली बशी डुचमळते. "पेशंटचे हातपाय चालतात ना?" असं आतून उत्तर येतं, आणि यजमान मुकाट्यानं आधण ठेवतात.

हातात चावी देण्याचा नियम त्यांचाच. वॉर्डात ड्युटी बदलताना रोग्याची खबर उशीखाली चिठ्ठी ठेवून देत नाहीत. एक तोंडानं सांगते, दुसरी कानानं ऐकते. पाळ्याही त्यांनीच लावल्या. त्याआधी चावी एकाच माणसाकडे असे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, निदान सुरुवातीला तरी. "तुम्ही घरीच असता, तुम्हीच ठेवा," म्हणून गल्लीनंच चावी त्यांच्या गळ्यात घातली होती. दोन वर्षांत त्यांच्या दारातल्या चपला वाढल्या. कुणाकडे पाहुणे, कुणाकडे बाळंतीण, सगळं आधी भाऊसाहेबांच्या कानावर घालायचं, मग नळाला पाणी. सिस्टरांच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. एका सकाळी सिस्टर इस्पितळातली रात्रपाळी करून घरी आल्या तर नळ कोरडा, आणि म्हातारीची चादर बदलायची. तशाच भाऊसाहेबांच्या दारात गेल्या. भाऊसाहेब पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. सिस्टर उभ्या राहिल्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उभ्या राहिल्या. पुढे भाऊसाहेब मुलाकडे राहायला गेले, त्याच दिवशी सिस्टरांनी चावी उचलली आणि पहिल्या घराचं दार वाजवलं.

तळघर धुऊन झाल्यावर त्याच संध्याकाळी बेकरीपुढे गल्लीची बैठक बसली. मी गुन्हेगार, म्हणून मला मध्ये बसवलं होतं. गुन्हेगाराला सुचतं तेच मला सुचलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्यासारख्या माणसाच्या हातात चावी देणं धोक्याचं आहे. सिस्टरांच्या हातून आठ वर्षांत एक थेंब वाया गेला नाही. चावी कायमची त्यांच्याकडेच असावी."

काय टाळ्या पडल्या! आयुष्यात माझ्या कुठल्याच चित्राला तशा पडल्या नाहीत. सगळ्यांनाच सहाला उठण्यातून सुटका हवी होती. मी फक्त तिला सिस्टरांबद्दलच्या आदराचा रंग दिला होता. चष्मेवाला सासुरवाडीला. बाकी वीस घरांचे वीस हात वर. एकच हात खाली, सिस्टरांचा.

"ठराव झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला!"

"छान. आता चावी कोण घेणार?"

"तुम्ही!"

"मी नाही घेणार."

बेकरीवाला म्हणाला, "अहो सिस्टर, आम्ही तुमचा मान राखतोय."

"भाऊसाहेबांचाही राखला होतात. पहिली टाळी तुमचीच होती, मला आठवतंय."

"पण तुम्ही कुठे भाऊसाहेब आहात?" मी म्हणालो.

"अजून नाही, मास्तर. गुडघे आत्ताच कुरकुरतात. उद्या तुम्ही दारात उभे राहाल आणि माझा पेपर लांबेल. एकाच्या हातात चावी गेली, की बाकीच्यांचे हात जोडायलाच उरतात." त्यांनी बेकरीवाल्याजवळची चावी पावाच्या फळीवर ठेवली. "ही इथे आहे. ज्याला पाणी हवं, त्यानं उचलावी."

त्या घरी निघाल्या, तसे यजमान मागे मागे गेले. "सिस्टर, निदान आपल्यापुरती एक बादली..."

"नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळी गल्ली जागी होती. एरवी घड्याळ लावूनही जाग न येणारी माणसं खिडक्यांत उभी होती. नळ खोकत होते. प्रत्येकाला खात्री होती, सिस्टरांना राहवणार नाही. सिस्टर दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर बादली पालथी, तिच्यावर पाय. चहा झालेला नव्हता, हे चेहऱ्यावरून कळत होतं. यजमान शेजारी उभे, रिकामा कप हातात धरून.

साडेसहाला कुणीतरी धीर करून विचारलं, "सिस्टर, पाण्याचं काय?"

"मला काय विचारता? ठराव तुमचा."

पावणेसात वाजले. माझ्या तोंडात कोरडा ब्रश. शेवटी बेकरीचं दार धाडकन उघडलं. आदल्या दिवशी पाण्यानं बेकरीवाल्याचा मैदा न विचारता भिजवला होता. आज उसना आणलेला मैदा भिजवायला पाणी नव्हतं. चावी खांद्यावर टाकून तो चढ चढून गेला. खड्ड्यात वाकला. जोर लावला. व्हॉल्व्ह हलेना. कोणी इतका आवळला म्हणून त्यानं एक सणसणीत शिवी हासडली, आणि मग कोणी आवळला ते आठवून पुन्हा चावीवर वाकला.

"मास्तर!" तो ओरडला. "पडद्यामागून बघताय ते दिसतंय मला. या इकडे!"

गेलो. तोंडात ब्रश तसाच. चावीच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. एकदा घसरलो, एकदा डोकी आपटली. तिसऱ्या वेळी व्हॉल्व्ह करकरला आणि खाली पाणी गडगडलं. बावीस नळांची घरघर थांबली.

"मला भट्टी बघायचीय. धरा," म्हणून त्यानं चावी माझ्या हातात कोंबली.

"मोठ्यानं!" सातव्या घरापुढून आवाज आला.

बेकरीवाला कपाळ चोळत ओरडला, "व्हॉल्व्ह उघडा आहे, टाकी रिकामी आहे!"

मी ब्रश काढून तेच म्हणालो. दोन-तीन खिडक्यांनीही म्हटलं, काही कारण नसताना.

टाकी भरेपर्यंत मी खड्ड्याशी बसून राहिलो. शाळा बुडाली. व्हॉल्व्ह बंद केला आणि चष्मेवाल्यापलीकडच्या आजींच्या हातात चावी दिली. आजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे "बंद आहे, भरली आहे" हे मी तीनदा ओरडलो. त्यांनी मात्र एकदाच, पण गल्लीभर ऐकू जाईल असं परत म्हटलं. आदल्या दिवशीचा ठराव कुणी मागे घेतला नाही. तो वहीत आहे, आणि चावी फिरते आहे.

उतरताना सिस्टरांपाशी थांबलो. त्यांनी पाय खाली घेतले होते आणि बादली सुलटी करत होत्या.

"सिस्टर," मी म्हणालो, "खरं सांगा. आज कुणीच चावी उचलली नसती, तर काय केलं असतंत?"

"पारोशी बसले असते."