कुळथाचं पाणी

माझ्या वडिलांना लिंगाचा कॅन्सर झाला होता. हे वाक्य त्यांच्या हयातीत मी एकदाही उच्चारलं नाही. गावात मी मुतखडा सांगितला.

नगरच्या डॉक्टरांनी वडिलांसमोरच स्पष्ट सांगितलं होतं. गाठी जांघेत पसरल्या होत्या, ऑपरेशनचा उपयोग नव्हता. आता उपचार दुखणं कमी करण्यासाठी आणि जखम स्वच्छ ठेवण्यासाठी. दुखण्याच्या गोळ्या आणि जखमेवर टाकायची पूड घेऊन आम्ही पारनेरकडे परतलो. एसटीत वडील फक्त एवढंच म्हणाले, "त्या जागेचं कुनाला सांगू नको." मी शाळामास्तर. मलाही सांगायचं नव्हतंच. त्यांच्या शब्दाआड मला माझी लाज लपवता आली.

मुतखडा म्हटल्यावर धाकटे चुलते दुसऱ्याच दिवशी कुळथाचं पाणी घेऊन आले. त्यांचा स्वतःचा खडा त्यानं पडला होता.

"दादा, तांब्याभर प्यायचं. धार लागली पायजे, धार!"

वडील प्यायले. मी बघत होतो. मग रोजच सुरू झालं. पाणी जास्त, लघवी जास्त, आणि लघवी जखमेवरून जायची. वडील मोरीत भिंतीला डोकं टेकून उभे राहायचे. मी बाहेर वर्तमानपत्र वाचायचो.

आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाईंनी एकदा विचारलं, "आजोबा, पट्टी इतकी कशी भिजते? पाणी फार पिता का?"

"कुळथाचं पितो."

"कशासाठी?"

"मास्तरांनी खडा सांगितलाय गावात," वडील म्हणाले. "न्हाई पिलो तर मास्तर खोटा पडंल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हे आजपासून बंद. ज्यांनी आणलं त्यांना तुम्ही सांगा."

मी हो म्हणालो. पुढचे चार दिवस तांब्या येत राहिला, आणि चुलते समोर आले की मी पावसाचं बोलायचो. शेवटी वडिलांनीच सांगितलं. तांब्या हातात घेतला आणि खाली ठेवला.

"खडा न्हाई रं. मुतायच्या जागेचा कॅन्सर हाय."

चुलत्यांनी तांब्या आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "आन् मी तुला दोन म्हैने पाजतोय व्हय? येड्या, नको म्हनायचं ना!"

"तू लई हौसेनं आनायचा."

चुलते हसले की रडले ते मला दारातून कळलं नाही. माझ्याकडे ते वळलेही नाहीत.

त्यानंतर ड्रेसिंगच्या वेळी वडिलांना धरायला तेच बसायचे. वासामुळे मी नाकाला रुमाल लावायचो, ते लावत नसत. "नवरदेवा, हल्लास तर बाईंचा हात चुकंल," असं म्हणून वडिलांना हसवायचे. बाईंनी गोळ्यांचं प्रमाण वाढवून घेतलं, लघवीची नळी बसवून घेतली. पट्टी कोरडी राहू लागली. वडील जेवायला मागू लागले.

ते गेले तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "शेवटी त्यांना फार त्रास झाला नाही." शेवटच्या तीन आठवड्यांपुरतं ते खरं आहे. त्याआधीच्या दोन महिन्यांबद्दल मला कुणी विचारलं नाही, चुलत्यांनीही नाही.