फूटपाथ वाजवून बघणारा

हॅम्बर्गच्या पावसात आमच्या गल्लीतल्या फूटपाथखालची वाळू वाहून जाते आणि वर काँक्रीटच्या फरश्या तशाच राहतात. वरून बघून काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून तो येतो. अंगात नारिंगी रेनकोट, हातात रबरी हातोडी. नाव मी कधी विचारलं नाही. एकेक फरशी ठोकतो आणि मान तिरकी करून ऐकतो. खालून भरीव आवाज आला की स्वतःशीच म्हणतो, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. पोकळ वाजली तर एक अक्षर बोलत नाही, नुसता पुढच्या फरशीकडे वळतो. दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच फरश्या उखडलेल्या दिसतात.

पुण्याहून आलेली आई खिडकीतून बघत म्हणाली, "अरे, आपण माठ घेताना वाजवून बघतो ना, तसंच करतोय हा!" मला हसू आलं. तेव्हापासून मी त्याला येता-जाता "मोइन", म्हणजे इथला नमस्कार, म्हणायला लागलो. तोही मान हलवायचा, पण नजर माझ्या पायांखालीच.

परवा ऑफिसला निघताना एक ओली फरशी डगमगली आणि मी सपशेल आडवा झालो. त्यानेच हात देऊन उठवलं, पाठीवरचा चिखल झटकला. मग बोटं मुडपून माझ्या पाठीवर दोनदा ठोकलं आणि मान तिरकी केली.

मी हसत उभा राहिलो, त्याच्या "गेनाऊ"ची वाट बघत.

तो पुढच्या फरशीकडे वळला.