दोन शब्दांचा सीझन

आमच्या परळच्या कॉलेजात नुसता हॉल होता तोवर सगळं ठीक चाललं होतं. त्यात गॅदरिंग व्हायचं, बारावीची परीक्षा व्हायची आणि एरवी कबुतरं असायची. मग शेजारच्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या एका कंपनीने देणगी दिली. भिंतींना निळी गुबगुबीत पॅनेलं लागली, एसी आला, कबुतरं गेली आणि हॉलचा 'परफॉर्मन्स स्पेस' झाला. बारावीची परीक्षा मात्र तिथेच राहिली, कारण बाकं मांडायला कॉलेजात दुसरी जागाच नव्हती.

जागा झाल्यावर प्राचार्यांना सीझन हवासा वाटू लागला. परदेशी विद्यापीठांत मैफलींचा असतो तसा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर महिन्याला एक. कॅन्टीनवाल्याने मला विचारलं, "कसला सीझन, मॅडम, लग्नाचा काय?" त्याचं चुकलं नाही. आमच्या भागात सीझन म्हणजे आंब्याचा, फार तर गणपतीचा.

मी सांस्कृतिक समितीवर होते, कारण मी मराठी शिकवते. मराठी शिकवणाऱ्या बाईने निवेदन करायचंच असतं, हे सगळ्या कॉलेजांत कुणीही न विचारता ठरलेलं असतं. ध्वनिव्यवस्था फिजिक्सच्या प्रयोगशाळेतल्या सहायकाकडे आली, तीही अशीच. पण ती योग्य माणसाकडे आली. तो दादरच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला, दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, आणि त्याला माइक कुठे ठेवला की माणसाचा आवाज माणसासारखा येतो हे कळायचं.

आमच्या सीझनचे मुख्य कलाकार होते 'दोन शब्द'. हा प्रकार ज्यांनी सोसला नसेल त्यांच्यासाठी सांगते. निवेदिका म्हणते, आता सरांनी दोन शब्द बोलावेत अशी मी विनंती करते. सर म्हणतात, मी आपल्या आणि कलाकाराच्या मध्ये फार वेळ उभा राहणार नाही. आणि तिथून पुढे ते मध्येच उभे राहतात. पहिल्या मैफलीला संस्थेच्या कार्यवाहांनी सांगितलं की मला गाण्यातलं काही कळत नाही, आणि ते सिद्ध करायला त्यांनी अर्धा तास घेतला. एक सतारिये तेवढा वेळ मांडीवर सतार घेऊन हसऱ्या चेहऱ्याने बसून होते. डिसेंबरात त्या कंपनीचे एक अधिकारी आले आणि संगीताने कर्मचाऱ्यांची कार्यक्षमता कशी वाढते ते पडद्यावर आलेख दाखवून समजावून गेले. जानेवारीत प्राचार्यांनी गायिकेचा बायोडेटा तिच्या बालवाडीपासून वाचला. तिला रात्रीचं विमान गाठायचं होतं. तिने एक ख्याल आणि अर्धं भजन म्हटलं, आणि उरलेलं अर्धं भजन घेऊन ती विमानतळाकडे निघाली.

समोर श्रोते कोण, तर पहिल्या वर्षाची मुलं. त्यांना यायची सक्ती होती. पुढच्या दाराने सही करून आत यायचं आणि मागच्या दाराने सटकायचं, हे त्यांनी पहिल्याच मैफलीत बसवलं होतं. उरलेले दादरचे ज्येष्ठ नागरिक. ते अर्धा तास आधी येऊन पहिल्या दोन रांगा धरायचे, एसीसाठी घरून स्वेटर आणायचे आणि वर एसी कमी करा म्हणून सांगायचे. पण ऐकायला येणारे तेवढेच होते, हेही खरं.

पहिल्या मैफलीत कार्यवाह रंगात आले असताना ध्वनियंत्रापाशी बसलेला आमचा सहायक खोकला. थोड्या वेळाने पुन्हा खोकला. मी खोकल्याची गोळी द्यायला गेले, तर म्हणाला, "खोकला नाय, मॅडम. आमच्याकडे फादरचं प्रवचन लांबलं ना, की लोक असं करतात. एक खोकला म्हणजे फादर, समजलं. दोन म्हणजे बस झालं. तीन म्हणजे घरी मटण थंड होतंय." मला तोंडावर पदर धरून बाहेर जावं लागलं. पुढे दर मैफलीत आमचा तो खेळच झाला. बोलणाऱ्याला कधीच कळायचं नाही. बोलणाऱ्याला वाटायचं, हवा खराब आहे.

मी स्वतः दर वेळी दोन मिनिटांत निवेदन उरकायची. त्याचा मला ताठा होता, आणि स्टाफरूममध्ये मी तो लपवतही नव्हते.

चौथी आणि शेवटची मैफल बाईंची ठरली ती माझ्या हट्टाने. बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या बाई. गिरगावात पहिल्या मजल्यावरच्या दीड खोलीत त्यांचा क्लास. सातवीपासून नऊ वर्षं मी तिथे जात होते. मग नोकरी लागली आणि मी गाणं सोडलं. सोडलं म्हणजे बाईंना न सांगता जायचं बंद केलं. त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना यमन शिकवला, कारण आमच्याकडे प्रत्येक मूल यमनपासूनच सुरू होतं आणि बहुतेक तिथेच संपतं. त्या स्वतः गायल्या त्या कुणाच्या डोहाळजेवणाला, कुणाच्या एकसष्टीला, गल्लीतल्या गणपतीपुढे. हॉलमध्ये कधीच नाही.

जानेवारीत कळलं की त्यांच्या गळ्यात गाठ आहे. मी बऱ्याच वर्षांनी तो जिना चढले. परळच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन ठरवलं होतं. आवाजाची नस गाठीला लागूनच होती. बोलणं राहील, गाण्याचं सांगता येत नाही, असं ते म्हणाले होते. बाईंनी हे मला पोळ्या लाटता लाटता सांगितलं. मग म्हणाल्या, "एकदा नीट मारवा गायचाय गं. चांगल्या माइकवर. मी गातेय आणि बाजूला कुणी पापड तळत नाहीये, असा."

मारवा म्हणजे सूर्य मावळतानाचा राग. दिवस गेलाय आणि दिवे अजून लागायचेत, तेवढ्याच वेळेचा. वेळेच्या बाबतीत बाई भयंकर कडक. एकदा सकाळच्या क्लासला मी सहज मारव्याची एक ओळ गुणगुणले, तर त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि मला घरी पाठवलं होतं.

मी प्राचार्यांशी भांडले. दुसऱ्या दिवसापासून बारावीची परीक्षा होती, त्यामुळे साडेसातला बाकं आत येणार हे पक्कं होतं. म्हणून मी अटी घातल्या. सहाला सुरुवात. आलेख नाही. सरांनी पाच मिनिटं. कार्यवाहांनी फक्त शाल द्यायची, बोलायचं नाही. "म्हणजे अजिबात नाही?" सरांनी घाबरून विचारलं. अजिबात नाही, म्हणाले मी. आणि काय आश्चर्य, मान्य झालं.

त्या संध्याकाळी कार्यवाह पंधरा मिनिटं उशिरा आले. त्यांच्याशिवाय समई लागणं शक्यच नव्हतं. एसीच्या वाऱ्याने ती टिकेना, म्हणून मग एसी बंद करावा लागला. पण त्यानंतर सगळं घड्याळ लावल्यासारखं झालं. सर खरोखरच पाच मिनिटं बोलले. कार्यवाहांनी शाल घातली, नारळ दिला, हात जोडले आणि तोंड न उघडता जाऊन बसले. त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी पहिल्यांदा माया वाटली. साडेसहा वाजले होते. मोतिया रंगाची साडी नेसून, कधी नव्हे तो केसांत गजरा माळून बाई स्टेजवर बसल्या होत्या. मांडीवर तानपुरा होता. सूर्य मावळायला दहा-बारा मिनिटं होती. आता फक्त माझे दोन शब्द.

मी गिरगावच्या जिन्यापासून सुरुवात केली. मला त्यांच्याबद्दल खूप सांगायचं होतं, इतकी वर्षं न गेल्याचं सगळं आत साठलेलं होतं. दुसऱ्या मिनिटाला एक वाक्य बरं जमलं आणि स्वेटरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. घात तिथे झाला. मग मी पापडाचं सांगितलं, लोक हसले. क्लासमधून मला घरी पाठवल्याचं सांगितलं, लोक जास्त हसले. मग मारवा म्हणजे काय ते सांगितलं. त्यात पंचम नसतो, म्हणजे पाय टेकवायला जागाच नसते, आणि बाई त्या नसलेल्या पंचमाभोवती कशा फिरतात ते मी हात हलवून दाखवलं. मागून कुणीतरी खोकलं. एसी बंद केल्यामुळे कोंदटलं असणार. मी क्षणभर थांबले, समंजसपणे, आणि पुढे बोलू लागले. मध्येच माझा आवाज भरून आला. पहिल्या रांगेत दोघांनी चष्मे काढून डोळे पुसले आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पुन्हा कुणीतरी खोकलं. तिसऱ्यांदा खोकला आला तेव्हा मी भुवया वर करून मागे पाहिलं. काही लोकांना मैफलीत कसं बसायचं तेही कळत नाही.

टाळ्या संपल्या आणि मी वळले. बाई माझ्याकडे हसऱ्या चेहऱ्याने बघत होत्या. त्या सतारियांनी कार्यवाहांचं भाषण ऐकताना ठेवला होता तसाच चेहरा. वरच्या झडपांतून शेजारच्या टॉवरचे लागलेले दिवे दिसत होते. घड्याळात सात वाजून दोन मिनिटं झाली होती. कार्यवाहांचा अर्ध्या तासाचा विक्रम मी दोन मिनिटांनी मोडला होता.

बाई तबलजीकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मारव्याची वेळ गेली." माइक चांगला होता, त्यामुळे ते हॉलभर ऐकू आलं, पण समजलं बहुधा तिघांनाच. मग त्यांनी तानपुऱ्याची खुंटी फिरवली. मारव्यासाठी पहिली तार निषादावर लावलेली होती. ती उतरत उतरत पंचमावर आली. नऊ वर्षं शिकल्याचा त्या दिवशी मला एवढाच उपयोग झाला, की ती तार कुठे चाललीय ते ती पोहोचायच्या आधी कळलं.

त्यांनी यमन गायला. आम्हा सगळ्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायच्या तीच बंदिश. सुरेख गायला, आणि मला विंगेत उभं राहवेना इतकी लाज वाटत होती. पहिल्या वर्षाची मुलं शेवटपर्यंत हलली नाहीत, पण ते श्रेय यमनचं की मागच्या दारात येऊन पडलेल्या बाकांचं, ते मी सांगू शकत नाही. साडेसातच्या आधीच दोन बाकं एकमेकांवर आपटली. बाईंनी सम गाठली आणि तानपुरा खाली ठेवला. "येऊ देत आत," त्या म्हणाल्या, "मुलांची परीक्षा आहे."

कार्यवाह फुलांचा गुच्छ घेऊन पुढे आले आणि म्हणाले, मारवा काय झाला, वा. छापील कार्डावर मारवाच होता. बाईंनी नमस्कार केला आणि आपण वेळात वेळ काढून आलात म्हणाल्या.

बाईंना गिरगावपर्यंत सोडायला मी टॅक्सीत बसले. मी माफी मागायला सुरुवात केली, पण त्याचंही भाषण होईल अशी भीती वाटली. चाळीच्या दाराशी उतरताना बाई म्हणाल्या, "घसा बसलाय तुझा. घरी जाऊन मीठ-पाण्याच्या गुळण्या कर हो." हे प्रेमाने होतं की कसं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. आवाज गेला नाही, खरखरीत झाला आणि खाली उतरला. बोलता येतं, भाजीवाल्याला हाक मारता येते. वरचा सा लागत नाही. त्यानंतर बाई गायल्या नाहीत. इकडे प्राचार्यांनी अहवालात सीझनला उत्स्फूर्त प्रतिसाद लाभल्याचं लिहिलं, आणि उत्कृष्ट निवेदनासाठी माझा खास उल्लेख केला.

एप्रिलमध्ये आमचा सहायक मला म्हणाला की त्या दिवशीचं सगळं रेकॉर्ड केलंय, आवाज एकदम साफ आलाय. आम्ही दोघं गिरगावात गेलो. बाईंनी पन्हं केलं होतं. त्याने छोटा स्पीकर पेटीवर ठेवला आणि सुरू केलं, आणि दीड खोलीत माझा आवाज भरला. जिना, पापड, टाळ्या. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, गाणं ऐकावं तसं. पहिला खोकला आला. सहायक छताकडे बघायला लागला. दुसरा आला. माझं तर नसलेल्या पंचमाभोवती फिरणं चालूच होतं. तिसऱ्याची वाट न बघता मीच खोकले. बाईंनी डोळे उघडले नाहीत.

यमन संपला, बाकं आपटली, फाइल थांबली. सहायक माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, सुरुवातीचं मॅडमचं बोलणं कापून देतो. दोन मिनिटांचं काम आहे. नुसतं गाणं राहील."

"नको, राहू दे," बाई त्या नव्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. "मारवा तेवढाच आहे त्यात."