पंच क्रमांक एक

विठ्ठलराव गेल्याचा फोन रेणापूरहून आला तेव्हा मी नांदेडच्या घरी दाढी करत होतो. पलीकडे त्यांचा मुलगा रडत होता आणि मला, सांगायला लाज वाटते, आधी सुटल्यासारखं वाटलं… दुःख नंतर आलं.

आम्ही दोघं भोकरजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. सरकारी नोकर म्हणून पोलीस आम्हाला पंच म्हणून बोलवायचे आणि फौजदाराला नाही म्हणायची रीत नव्हती. एकदा सराफाच्या घरात चोर शिरला, सराफाची म्हातारी आई जिवानिशी गेली. चौथ्या दिवशी आम्ही ठाण्यात पोचलो, तर तिचे चांदीचे तोडे आधीच टेबलावर होते. दिगंबर नावाच्या मजुराच्या झोपडीतून ते आमच्यासमोर काढले, असा पंचनामा लिहून तयार. विठ्ठलराव पंच क्रमांक एक, मी दोन. चहा प्यायलो, सह्या केल्या. कोर्टातही पढवलेलं घडाघडा बोललो. दिगंबरला जन्मठेप झाली.

विठ्ठलराव मुळात भारी चेष्टेखोर, माझ्या टकलाला त्यांनी कधी सोडलं नाही. पण ते निवृत्त होऊन रेणापूरला गेले, हायकोर्टात दिगंबरचं अपील सुनावणीला आलं आणि त्यांचं हसणं आटलं. दारावर थाप पडली की दचकायचे. जेवता जेवता हात थांबायचा. लातूरच्या वकिलाला भेटून, खरं ते प्रतिज्ञापत्रावर लिहून देतो, असं सांगून आले. मीच मोडता घातला. खोट्या साक्षीचा खटला होईल, पेन्शन जाईल, म्हातारपणी कुठं ही अवदसा… त्यांनी उलट मलाच विचारलं,

"तुमी तरी झोपडी पाह्यली का हो?"

दोघांनीही पाहिली नव्हती. माझ्या भिडेखातर ते महिनाभर थांबायला कबूल झाले. तो महिना त्यांना मिळाला नाही.

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. मुलानं आईला सांभाळायचा शब्द दिला, बहिणीच्या लग्नाचा दिला, तरी झाडावरचा एकही कावळा खाली उतरेना. मागं दिगंबरची आई येऊन उभी होती. ती हळूच माझ्याजवळ आली.

"गुरुजी खरं लिहून द्यायला हाव म्हणले व्हते. आता तुमीच राह्यलात."

मला कळलं होतं कोणता शब्द द्यायचा राहिलाय. तो तोंडातून निघाला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला.

अपिलाची तारीख जवळ आली आहे. लातूरला जाऊन मी सही करणार आहे. पण माझा माझ्यावर भरवसा नाही. हे छापून आलं की मला मागं फिरता येणार नाही, म्हणून लिहिलं.