तात्यांचा पवन्या

ओट्यावर पाहुणा आला की तात्या त्याला आधी बसवत, त्याच्या कपड्यांना चिकटलेली कुसळं स्वतः वेचत आणि थेट चुलीत टाकत. पाणी त्यानंतर. "ही अवदसा अंगणात पडाय नको," म्हणत. पाहुणा कितीही मोठा असो, पाय पुढे करून बसावंच लागे.

तात्या माझे चुलते. नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त होऊन चांदवडच्या डोंगराखाली आमच्या गावी परतले. "जन्मभर नोटा छापल्या. आता गुरांना खाता येईल असं काहीतरी करू," म्हणाले.

डोंगरावर तेव्हा नुसती कुसळी. गुरांच्या तोंडात टोचणारं निबर गवत. तात्यांना तिथे गुरं आवडीने खातात ते गोड पवन्या गवत हवं होतं. बांधाबांधावरून त्याचं बी ओरबाडून आणायचं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून शेणमातीत कालवायचं. नांगरला तर डोंगर वाहून जाईल, म्हणून कुसळी फुलोऱ्याआधी कापायची, बाभळीच्या फांद्या ओढून जमीन खरवडायची आणि कापलेल्या गवताच्या खुंटांतच बी फेकायचं.

चराईबंदीवरून ते गावभर भांडले. सख्ख्या भावजयीच्या, म्हणजे माझ्या आईच्या शेळ्याही त्यांनी हाकलल्या. आईने अबोला धरला. तरी पवन्याचा पहिला भारा त्यांनी तिच्याच दारात टाकला.

डोंगर पवन्याने भरला आणि गावाला हाव सुटली. "जाळलं का गवत जोमानं येतं, बापजाद्यापासून चालत आलंय," सरपंच म्हणाले.

तात्यांनी हात जोडले. "अरे, कुसळीचं बी मातीत घुसून बसतं, पवन्याचं वरच ऱ्हातं. जळंल ते चांगलंच जळंल."

"लय शिकवू नका, प्रेसवाले," म्हणत लोक हसले. उन्हाळ्यात त्यांनी डोंगर पेटवला. तात्या ओली फांदी घेऊन एकटेच आग झोडपत राहिले.

पावसाळ्यात कुसळीच माजली. तात्यांचं बियाणंच खोटं, असं म्हणायलाही लोकांना लाज वाटली नाही. तात्या मुलाकडे नाशिक रोडला निघून गेले.

गेल्या वर्षी चाऱ्याचे हाल झाले तेव्हा सरपंच तिथे पोचले. मीच त्यांना घेऊन गेलो होतो. "थोडं बी उरलं असंल तर द्या, तात्या."

तात्यांनी त्यांना चहा पाजला. मग गॅलरीतलं जपून ठेवलेलं बियाचं पोतं उचललं, खाली उतरले आणि कॉलनीतल्या मोकाट गाईपुढे सगळं ओतलं. सरपंच धावले तसे तात्या आडवे आले.

"खाऊ दे. हिनं डोंगर जाळला नाय."

पुढे महिन्याभरात तात्या गेले. दहाव्याला सरपंच ढसाढसा रडले. मला त्यांची कीव आली नाही.